फक्त अभ्यासासाठी

महदिया
१ जुलै २०२४

प्रिय मन्नूबिया आत्या,

सलाम. पास झाले! बाकालोरियाची परीक्षा एका झटक्यात, तीही चांगल्या गुणांनी. निकाल लागल्यावर आईनं गच्चीवरून अशी आरोळी ठोकली की बंदरावरच्या लोकांना वाटलं, माझं लग्नच ठरलं. बाबांनी गल्लीभर सरबत वाटलं. तुला फोन लावला, तर तू नेहमीसारखं 'काय असेल ते लिहून कळव' म्हणालीस आणि ठेवून दिलास. म्हणून लिहायला बसले आहे.

एक आठवण करून देते, रागावू नकोस. गेल्या वर्षीच्या ईदला तू आमच्याकडे आली होतीस. सगळ्या घरासमोर, तोंडात खजुराच्या मक्रूडचा तुकडा असताना तू म्हणालीस, "पोरगी पास झाली तर तिचा कॉम्प्युटर माझ्याकडून." बाबा म्हणतात, तोंडात घास असताना दिलेला शब्दही शब्दच असतो.

मला सूसच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळेल असं दिसतंय. बांधकाम शाखा: पूल, रस्ते, धक्के. सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं, आणि राहायचं वसतिगृहात, त्यामुळे लॅपटॉपच लागेल. कसा हवा ते सोबतच्या चिठ्ठीत आहे. एका माहीतगार दुकानदारानं ती लिहून दिली. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड लिहिलंय, ते बघून दचकू नकोस. पुलाचं चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून बघावं लागतं, त्यासाठी ते लागतं.

अभ्यासासाठी हवंय, आत्या. फक्त अभ्यासासाठी.

तुझी लाडकी
शिराझ


हूमत सूक, जेर्बा
८ जुलै

शिराझ पोरी,

तुझं पत्र मिळालं. शिक्का बघितला. एक तारखेला टाकलेलं पत्र सहा तारखेला आलं. माझ्या वेळी तीन दिवसांत यायचं. असो. पत्र वाचताना डोळ्यांतून पाणी आलं, पण चष्म्याचा नंबर बदललाय, त्यानंही येत असेल. शाब्बास!

शब्द दिलाय तो पाळीन. मी चौतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसले आणि तिथे एक गोष्ट शिकले. माणूस फोनवर बोलतो आणि नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणतो. कागदाला तसं म्हणता येत नाही. म्हणून जे ठरवायचं ते पत्रानं, आणि माझ्या अटीही पत्रानंच.

खेळ नाहीत. एकही नाही. का, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण कागदावर असलेलं बरं. माझा वजदी तुझ्याएवढा असताना त्याच सूसच्या कॉलेजात असल्याच यंत्रासमोर बसला आणि दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून उठला. खेळापायी! मी त्याचं यंत्र खोक्यात घातलं, सुतळी बांधली, शिक्का मारला आणि पार दक्षिणेतल्या एका शाळेला पार्सल करून टाकलं. त्यावर तो घर सोडून गेला, त्याला तीन वर्षं झाली. आता म्हणे स्फाक्सला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढून बसलाय. दर ईदला कार्ड पाठवतो. मी त्यावर 'घेण्यास नकार' लिहून परत पाठवते. तेव्हा त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही, आणि त्याला काही विचारायचंसुद्धा नाही.

आता तुझी चिठ्ठी. सोळा जीबी रॅम कशाला? माझ्या खिडकीत अख्ख्या बेटाचे पत्ते होते आणि ते सगळे माझ्या डोक्यात मावत होते. पंखे दोन कशाला? टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर का नको? तो काखोटीला मारून कॅफेत नेता येत नाही, हा त्याचा फार मोठा गुण आहे. आणि सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा बदलणारा पडदा? तुझे पूल इतके हलणार आहेत का?

चिठ्ठी लिहिणाऱ्या दुकानदाराचं अक्षर बरं आहे. नाव काय त्याचं?

तुझी आत्या
मन्नूबिया


(फोनवरचे निरोप, १३ जुलै)

शिराझ: वजदीदादा, मेले मी. तुझी आई विचारतेय, पूल हलणार आहेत का.

वजदी: कसले पूल?

शिराझ: अरे तो १४४ वाला पडदा! कशाला लिहिलास?

वजदी: तूच म्हणालीस, खेळ नीट चालला पाहिजे. लिहून दिलं. एवढं होतं तर चिठ्ठी उतरवून काढायचीस. माझी आहे तशी पाकिटात घातलीस?

शिराझ: घाईत होते. तिनं दुकानदाराचं नाव विचारलंय.

वजदी: 'सी हमादी' म्हणून सांग. प्रत्येक गल्लीत एखादा असतोच.

शिराझ: बरं.

वजदी: पडदा साधा लिही. खेळ थोडा अडखळेल, पण चालेल. ग्राफिक्स कार्ड मात्र सोडू नकोस, नाही तर त्यावर पत्तेसुद्धा खेळता येणार नाहीत.

वजदी: ती कशी आहे?

शिराझ: अक्षर तरी ठणठणीत आहे.

वजदी: या ईदचं कार्डही परत आलं. पाकिटाला सुरकुत्या पडल्या होत्या. जेर्बाची हवा दमट, तिथेच पडून राहिलं असेल.


महदिया
१५ जुलै

प्रिय आत्या,

पूल हलतात! वाऱ्यानं हलतात, गाड्यांनी हलतात, आणि किती हलू द्यायचे हेच तर आम्ही शिकणार. पण सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा हलत नाहीत, हे तुझं खरं आहे. साधा पडदा चालेल. बघ, मी किती समजूतदार आहे.

रॅम म्हणजे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट असं समज. कपाट कितीही मोठं असलं तरी टेबल लहान असेल तर एका वेळी दोनच कागद पसरता येतात. तुझ्या कचेरीतलं टेबल मी लहानपणी पाहिलंय, त्यावर मी झोपले होते. आठ जीबीवर दोन वर्षांत रडायची पाळी येते, आणि पुष्कळशा यंत्रांत नंतर वाढवायची सोय नसते. मोठा कॉम्प्युटर नको, कारण वसतिगृहाच्या एका खोलीत चौघी आणि टेबलं दोन. दोन पंखे अशासाठी की यंत्राला श्वास घ्यायला जागा हवी.

दुकानदाराचं नाव सी हमादी. म्हातारा आहे, दमेकरी आहे, फार प्रामाणिक आहे.

तुझी
शिराझ


हूमत सूक
२३ जुलै

शिराझ पोरी,

मीही चौकशी केली. औषधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, सगळ्यात हलका घे. हॉटेलातल्या हिशेबनिसाला विचारलं, तो म्हणाला, सगळ्यात महाग घे. शेजारणीच्या जावयाला विचारलं, तो एक तास बोलला आणि शेवटी म्हणाला, त्याच्याकडचा जुना विकायचा आहे. तेव्हा तुझ्या सी हमादीचीच चिठ्ठी मी मान्य करते. ग्राफिक्स कार्डासकट. मनीऑर्डर आज केली.

'यंत्राला श्वास घ्यायला जागा हवी' हे वाक्य मी या घरात पूर्वी ऐकलंय. दमेकरी लोक असं बोलत असतील.

आता नीट वाच. तुझ्या बापाची गाडी आली तेव्हा मी तिच्यावरून मासा ओवाळला. चौदा वर्षं धावतेय. फ्रिज आला तेव्हा ओवाळला, तोही चालू आहे. लॅपटॉप घरी आला की कुणाची दृष्ट पडायच्या आत ताजा मासा आणायचा, सात वेळा ओवाळायचा आणि शेपूट त्याच्याजवळ टांगायचं. तुझ्या आईला सांग, हे काम तिच्याकडे. तिच्या हाताला गुण आहे.

आणि मला एका ओळीत लिहून पाठव की या यंत्रात खेळ असणार नाहीत.

तुझी आत्या
मन्नूबिया


महदिया
३० जुलै

प्रिय आत्या,

तुझे हजारदा आभार! आईनं तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मासेवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय.

तू मागितलेली ओळ: अभ्यासात अडथळा येईल असं काहीही या लॅपटॉपमध्ये असणार नाही.

तुझी
शिराझ


(फोनवरचे निरोप, ११ ऑगस्ट)

शिराझ: दादा, दादा, दादा.

वजदी: काय झालं? कालच तर घेऊन गेलीस माझ्याकडून. नवाकोरा आहे.

शिराझ: मासा पडला.

वजदी: कुठे?

शिराझ: लॅपटॉपवर.

वजदी: परत सांग.

शिराझ: आई ओवाळत होती. हातभर लांब मासा, बंदरावरून थेट आणलेला, पाणी गळतंय. चार फेऱ्या झाल्या तेवढ्यात शेजारच्या सालूहा मावशी आत आल्या. म्हणाल्या, "अगं बाई, किती सुंदर यंत्र!" पुढे माशाल्ला म्हणायचं विसरल्या.

वजदी: अरे देवा.

शिराझ: आई इतकी घाबरली की तिनं तो मासा सरळ यंत्रावरच ठेवला. म्हणजे दृष्ट माशाला लागेल, यंत्राला नाही. उघडाच होता लॅपटॉप. कळांमधून पाणी आत गेलं, फिस्स झालं आणि पडदा काळा.

वजदी: चालू करायचा प्रयत्न केलास?

शिराझ: तीनदा.

वजदी: करू नकोस! चार्जर काढ, बटण दाबून धर, तंबूसारखा उलटा उभा कर आणि सकाळी पहिली गाडी पकडून इकडे ये. आणि मासा?

शिराझ: आईनं तळला. ती म्हणते, त्याचा काय दोष.


महदिया
१४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

लॅपटॉप आला. काळा आहे, वजनाला बेताचा आहे. तुझ्या सांगण्याप्रमाणे आईनं मासा ओवाळला, अगदी मनापासून. सांगितलं होतंस त्याहून जास्तच केलं.

तो अजिबात गरम होत नाही. पंख्यांचा आवाजही येत नाही. विजेचं बिल वाढलेलं नाही. मी त्याच्यासमोर वेळ घालवते अशी तर घरात कुणाचीच तक्रार नाही.

सूसला प्रवेश पक्का झाला. नऊ सप्टेंबरला कॉलेज सुरू.

तुझी
शिराझ


हूमत सूक
२० ऑगस्ट

शिराझ पोरी,

गरम होत नाही, आवाज करत नाही, वेळ खात नाही, वीज खात नाही. इतकं गुणी यंत्र मी जन्मात ऐकलं नाही. प्रत्यक्ष बघायची फार इच्छा आहे.

दोन सप्टेंबरला महदियाला येते. तू मला लॅपटॉप उघडून दाखव आणि एखादा पूल फिरवून दाखव. खेळ नाहीत हेही मी स्वतः बघेन. काही गडबड आढळली तर लॅपटॉप मी माझ्याबरोबर जेर्बाला नेणार, आणि तू वहीत पूल काढायचे. पार्सल बांधायला मला अजून येतं.

आईला म्हणावं, माझ्यासाठी मासा करू नकोस. पित्त होतं.

तुझी आत्या
मन्नूबिया


महदिया
२६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

खूप लांबलचक पत्र आहे, बसून वाच.

लॅपटॉप गरम होत नव्हता, कारण तो बंद होता. आईनं मासा त्याच्यावरच ठेवला. पाणी आत गेलं आणि कळा मेल्या. आईवर रागावू नकोस. ती पंधरा दिवस मासा खात नाहीये, आणि आमच्या घरात ते किती मोठं आहे हे तुला माहीत आहे.

तो दुरुस्तीला दिला. कुणाकडे ते आता सांगते, कारण दोन तारखेला तू तो बघणार आणि बघताक्षणी ओळखणार. नवा कळफलक ट्युनिसहून मागवला, तर नुसत्या फ्रेंच अक्षरांचाच मिळाला. अरबी अक्षरं नव्हती. म्हणून दुकानदारानं कागदाचे अठ्ठावीस इवले चौकोन कापले, प्रत्येकावर स्वतःच्या हातानं एकेक अरबी अक्षर लिहिलं आणि कळांवर चिकटवलं. ते अक्षर वजदीदादाचं आहे. सी हमादी नावाचा माणूस नाही, आत्या. दमेकरीही नाही. चिठ्ठी दादाचीच होती, लॅपटॉप दादाच्याच दुकानातला, आणि श्वासाचं वाक्यही त्याचंच.

पंधरा दिवस तो त्यावर बसलाय. आतली पट्टी बाहेर काढून, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट लावून, दात घासायच्या ब्रशनं त्यानं एकेक जागा पुसली. परवा रात्रीची जेवणं व्हायच्या आत पडदा लागला आणि आम्ही दोघं दुकानात नाचलो. अजून थोडा वास येतो. पैसे घ्यायला तयार नाही. म्हणतो, माझ्या आईनं सांगितलेल्या माशाचे पैसे मी कसे घेऊ.

आणि खेळ आहे. एक आहे. बेट वसवायचा खेळ. रिकामं बेट असतं, त्यावर घरं, बाजार, बंदर, पूल बांधायचे. मी आणि शाळेतल्या तिघी मिळून दोन वर्षं एकच बेट वसवतोय. आता एक ट्युनिसला चालली, एक गाबेसला, एक थेट फ्रान्सला. पुढे आम्ही चौघी भेटणार कुठे? त्या बेटावरच. म्हणून मला ते ग्राफिक्स कार्ड हवं होतं. पुलांसाठी हवं होतं हेही खोटं नाही, पण आधी मैत्रिणींसाठी. तुला खोटं लिहिलं याची मला लाज वाटते. तुझ्या पत्रातल्या अटी माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत आणि त्या सगळ्याच्या सगळ्या मी मोडल्या.

एक मात्र दादाच्या वतीनं लिहिते, त्यानं सांगितलेलं नाही. तो खेळापायी कॉलेजातून उठला नाही. खेळ मधेच बंद पडायचा, तेव्हा तो यंत्र उघडून बघायचा. पुढे पुढे त्याला उघडण्यातच मजा यायला लागली, आणि वर्गात मन लागेना. एवढंच झालं.

लॅपटॉप तुला न्यायचा असेल तर ने. मी वहीत पूल काढीन. पण त्याला पार्सल करू नकोस, आत्या. त्यावर दादाची अठ्ठावीस अक्षरं आहेत.

तुझी
शिराझ


हूमत सूक
३० ऑगस्ट

शिराझ,

चौतीस वर्षं मी पाकिटांवरची अक्षरं वाचली. खलाशी, शिंपी, काझी, पळून गेलेले नवरे. पत्ता अर्धा असला तरी नुसत्या अक्षरावरून मी सांगायचे की हे कुणाचं पत्र आहे आणि कुणाच्या दारात टाकायचं. आणि तुला वाटलं, माझ्या पोटच्या पोराचं अक्षर मला ओळखू येणार नाही? तुझं पहिलं पाकीट फोडलं, चिठ्ठी बाहेर आली, आणि पहिल्याच ओळीत मी त्याचं अक्षर ओळखलं. सात या आकड्याच्या पोटात तो आडवी रेघ मारतो आणि ती रेघ नेहमी उजवीकडे चढते. मीच शिकवलाय त्याला सात. चष्म्याचा नंबर वगैरे काही बदललेला नाही.

दुकानदाराचं नाव मी विचारलं, कारण तू काय उत्तर देतेस ते मला बघायचं होतं. सी हमादी म्हणे. दमेकरी! हसून हसून मलाच धाप लागली. खेळ नाहीत हे लिहून पाठव म्हटलं, तर वकिलासारखी ओळ पाठवलीस. पोरी, तू पूल बांधू नकोस, पोस्टात भरती हो.

मनीऑर्डर केली ती त्याच्या चिठ्ठीवर केली. त्याच्या हातची यादी, त्याच्या दुकानात माझे पैसे. मला तेवढंच साधायचं होतं. दारात जाऊन उभं राहायची हिंमत नव्हती म्हणून तुला पुढे केलं. म्हणजे तू मला फसवलंस आणि मी तुला, फिटंफाट.

आता माझा कबुलीजबाब. तो कॉलेज का सोडून उठला हे तू आज लिहिलंस. मला ते दोन वर्षांपासून ठाऊक आहे. दुसऱ्या कार्डात त्यानं हेच लिहिलं होतं. आता तू विचारशील, कार्डं तर परत गेली होती. नोकरीत असताना मी कुणाचं पाकीट कधी फोडलं नाही. निवृत्तीनंतर सहा फोडली. चहाच्या किटलीची वाफ देऊन, अलगद. वाचायची, परत चिकटवायची, वर 'घेण्यास नकार' लिहायचं आणि पेटीत टाकायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला ठेवून घेऊ. पण एकदा नकार लिहिला की पुढच्या वेळी होकार लिहायला फार जड जातं. मी हट्टी बाई आहे. तीन वर्षं मी त्या हट्टापायी पोराचं तोंड पाहिलं नाही, आणि मला त्याची रोज आठवण आली. हे त्याला तू सांगू नकोस, मी सांगेन.

मासा ठेवायला मी सांगितलं नव्हतं, ओवाळायला सांगितलं होतं. पण ओला आणू नका हेही सांगितलं नव्हतं, तेव्हा चूक माझी. आईला म्हणावं, मासा खा.

दोन तारखेला मी महदियाला येत नाही. सकाळच्या पहिल्या बोटीनं पलीकडे जाते आणि तिथून गाडीनं स्फाक्सला. लॅपटॉप तिथेच असू दे, तूही तिथेच ये. दुकानाचा पत्ता कळवायची गरज नाही. सहा पाकिटांच्या पाठीवर लिहिलेला होता, पाठ आहे.

येताना मासा आणते. माझ्या लग्नातला, चांदीचा, कोरडा.

तुझी आत्या
मन्नूबिया


(फोनवरचे निरोप, २ सप्टेंबर)

शिराझ: मी कोपऱ्यावर पोचले. आली का?

वजदी: तासाभरापूर्वी आली. खुर्चीवर बसली आहे.

शिराझ: काय म्हणाली?

वजदी: 'चहात साखर जास्त झालीय' म्हणाली.

शिराझ: बस?

वजदी: दुसरा कप मागितला. तू ये लवकर, तिला बेट बघायचंय.


हूमत सूक
५ सप्टेंबर

चिरंजीव वजदी,

सुखरूप पोचले. बोटीवर गर्दी होती. तू बांधून दिलेली अंड्याची तळलेली ब्रिक थंड झाली होती तरी खाल्ली.

तुझ्या दुकानात बोलायचं होतं ते बोलणं राहिलं, कारण सबंध दुपार त्या बेटावर गेली. शिराझनं मला दाखवायला म्हणून कॉम्प्युटरचा उंदीर हातात दिला आणि मग चार तास ती तो परत मागत होती. मी काय करू? बंदर त्यांनी वाऱ्याच्या तोंडावर बांधलं होतं. ते हलवायला नको का? आणि चार शहाण्या मुलींनी दोन वर्षं बेट वसवलं, बाजार बांधला, कारंजं बांधलं, हत्तीखाना बांधला, पण टपाल कचेरी नाही! लोकांनी पत्रं टाकायची कुठे? मी एक बांधून आले आहे. शिराझच्या फ्रान्समधल्या मैत्रिणीनं ती पाडली असं कळलं. तिला म्हणावं, मी पुन्हा बांधीन.

चांदीचा मासा दारावर नीट लावलास ना? तोंड रस्त्याकडे पाहिजे.

आता राहिलेलं लिहिते. तुझं यंत्र पार्सल केलं ते चुकलं. तू ज्यात रमला होतास ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायच्या आधी मी सुतळी बांधली. तुझी सहाही कार्डं मी वाचली आहेत, वाफेवर उघडून. सहाव्यात तू लिहिलं होतंस की दुकान उघडताना रोज सकाळी माझा आवाज ऐकू येतो, 'कुलूप दोनदा ओढून बघ'. ते वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले आणि तरीही तुला ते परत पाठवलं. मला माफ कर, बाळा. हे सगळं कागदावर लिहून देते आहे, म्हणजे उद्या मला 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणता येणार नाही.

या ईदला कार्ड पाठव. त्याच्या आधी पाठवलंस तरी चालेल.

तुझी
आई

ता. क. इथे एका निवृत्त टपाल अधिकारी बाईला लॅपटॉप हवा आहे. सोळा जीबी रॅम, दोन पंखे, वेगळं ग्राफिक्स कार्ड. अक्षरं अरबी, तुझ्या हातची. पडदा सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा बदलणारा पाहिजे, माझे पूल हलतात. पार्सलनं पाठव. परत येणार नाही. अभ्यासासाठी हवंय. फक्त अभ्यासासाठी.